एका कानाची फळी

आमच्या खालच्या खोलीचं शटर त्या माणसानं नऊ वर्षांत एक अपवाद सोडला तर कधी पूर्ण वर केलं नाही. गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या खाली असं ते कायम अडकवलेलं असे. आत जायचं तर वाकल्याशिवाय सुटका नव्हती. पोस्टमन वाके, गॅसवाला आधी सिलिंडर आडवा लोटून मग स्वतः वाके, आणि मुंबईहून गाडी घेऊन त्याची चित्रं बघायला येणाऱ्या बाया पदर सावरत, केस सांभाळत वाकत. मी घरमालक, पण मलाही सूट नव्हती. एकदा माझी कंबर धरली तेव्हा चिडून म्हटलं, पेंटर, शटरला ग्रीस लावून देतो. त्यावर त्याचं म्हणणं असं की ग्रीस भरपूर आहे. उजेड खालून आला की वस्तूंचं वजन दिसतं, आणि वाकून आत आलेला माणूस पहिली दोन वाक्यं तरी खरी बोलतो. माझं पहिलं वाक्य रोज ‘आई गं’ असे, त्यामुळे त्याच्या म्हणण्यात तथ्य असावं.

आमच्या गावात, शिरवण्यात, त्याला सगळे पेंटर म्हणत. गावाच्या हिशेबानं पेंटर म्हणजे भिंती रंगवणारा किंवा पाट्या लिहिणारा. तो आला त्या महिन्यातच एका टेम्पोवाल्यानं गाडी दारात आणून उभी केली आणि पुढच्या काचेवर देवीचं नाव लिहून मागितलं. तासाभराचं काम. पेंटर सकाळभर टेम्पोसमोर उकिडवा बसून राहिला. दुसऱ्या दिवशी निळा रंग कालवला, पुसला, परत कालवला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्षरं झाली. त्या निळ्याला आजही गावात तोड नाही, पण टेम्पोवाल्याची तीन दिवसांची भाडी बुडाली आणि पुन्हा कुणी पाटी लिहायला आलं नाही. पेंटरला त्याचं काही वाटलं नाही. तो साताऱ्याकडचा, चित्रकला शिकायला मुंबईत आलेला, मग कुठे कुठे राहून इथे पोचलेला. बायको होती की नव्हती हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. मला तो ‘मालक’ म्हणे आणि माझ्या आईला ‘मावशी’.

त्याची खरी चित्रं म्हणजे राखाडी कापडं. त्यात घर, माणूस, झाड काहीच नसे. राखाडीच्या आत राखाडी, मध्येच कुठे गंजाचा डाग. एक कापड तो आठवडाभर सरळ टांगे, मग आठवडाभर उलटं, मग आडवं. वर कुठली बाजू हे त्याला स्वतःलाच ठरवता येत नसे. आई एकदा शेवग्याच्या शेंगा द्यायला खाली गेली तेव्हा त्यानं तिला विचारलं. आईनं बोट दाखवलं आणि सांगितलं की पाणी खाली असतं. चित्रात पाणी आहे हे तोवर त्यालाही माहीत नव्हतं. ते कापड त्यानं तसंच टांगलं आणि मुंबईच्या बायांनी तसंच नेलं.

माणसांचे चेहरेही तो काढी, पण मनाविरुद्ध. गावातल्या एका बिल्डरनं हट्टानं स्वतःचं चित्र करून घेतलं. पंधरा दिवस तो गळ्यातली साखळी घालून शटरखालून वाकत आत जात होता. चित्र झालं तेव्हा त्याची बायको बघून रडायलाच लागली; म्हणाली, हे झोपेत असेच दिसतात, दमलेले. बिल्डरनं चित्र नेलं नाही. ते वर्षानुवर्षं भिंतीकडे तोंड करून उभं होतं. पसंत न पडलेला चेहरा पेंटर पत्र्याच्या पातीनं खरवडून काढी आणि तो ओला रंग लोणच्याच्या बरणीत भरून ठेवी. पुढे तोच रंग राखाडी कापडांच्या तळाला जाई. वाया काही घालवायचं नाही हा त्याचा नियम होता. माणसानं मात्र स्वतःला खुशाल वाया घालवावं असं त्याच्याकडे बघून वाटे. दिवसभरात दोन वेळा चहा-पाव, बाकी सगळं रंगाला.

तिसरा प्रकार मला शेवटपर्यंत कळला नाही. त्याला चित्रांच्या दुनियेतले लोक इन्स्टॉलेशन म्हणतात. गावठाणातली जुनी घरं पाडून तिथे चार-चार मजले चढत होते, तेव्हा हा पाडकाम चालू असलेल्या ठिकाणी जाऊन जुनी दारं मागून आणी. आमचं जुनं घर तो यायच्या आधीच पाडलेलं, त्याचं ठेवून दिलेलं दारही त्यानं नेलं. वाशीच्या एका हॉलमध्ये त्यानं ती सगळी दारं दोऱ्यांनी अधांतरी टांगली आणि खाली जमिनीवर घोट्याएवढं जाडं मीठ पसरलं. मीठ का, तर आमचं गाव मूळचं खाडीकाठचं, मिठागरांचं. आम्हाला खास आमंत्रण होतं. आईला रिक्षानं नेलं. लोक हातात कागदी कप घेऊन हळू आवाजात इंग्रजीत बोलत होते. आईनं चपला काढल्या, मिठातून चालत गेली, आमचं दार ओळखलं, त्याच्या कडीला हात लावला. मग वाकून खालचं चिमूटभर मीठ उचलून तोंडात टाकलं.

“हा मीठ आपल्या खारीतला नाय,” ती पेंटरला म्हणाली. “हा जिबेला लगेच लागतो. आपला उशिरा लागायचा.”

मी शरमलो. पण पेंटरचा चेहरा असा झाला की जणू त्याला भर बाजारात चोरी करताना धरलं. मीठ त्यानं वाशीच्याच मार्केटमधून पोत्यानं आणलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं सगळं झाडून काढलं आणि उरलेले दिवस दारं नुसत्या फरशीवर टांगून ठेवली. परत आला तो थेट आमच्या जिन्यात. आईला म्हणाला की इतक्या वर्षांत त्याच्या कामातलं खोटं ओळखणारी ती पहिलीच. आईला त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण त्या दिवसापासून तिला तो आपला माणूस वाटायला लागला. आणि म्हणूनच तिनं जे माझ्याकडे कधी मागितलं नाही ते त्याच्याकडे मागितलं.

इथे माझ्या बापाबद्दल सांगायला हवं, म्हणजे नसलेल्या बापाबद्दल. मी अकरा महिन्यांचा असताना तो काविळीनं गेला. मिठागरावर कामाला होता. त्याचा एकही फोटो नाही. त्या काळी आमच्यात फोटो काढायला जायचं म्हणजे चैन, आणि लग्न तर पावसाच्या तोंडावर घाईत उरकलेलं. इतरांकडे पितृपक्षात पाटावर फोटो ठेवतात, हार घालतात. आमच्याकडे पाटावर सुपारी. लहानपणी मला खरोखरच वाटे की माझे वडील दिसायला सुपारीसारखे होते. लोक म्हणत, पोरगा थेट बापावर गेलाय. मेलेल्याच्या पोराला असं म्हणायची रीतच असते. आई त्यावर काही बोलत नसे.

तर आईनं पेंटरला विचारलं, त्याचा तोंड काडशील का. मना आता नीट दिसत नाय, पुसत चाललाय. तिचं वय ऐंशीच्या घरात, हृदय थकलेलं. जाण्यापूर्वी एकदा तो भिंतीवर बघायचा, एवढीच तिची इच्छा होती. पेंटर म्हणाला, न बघितलेल्या माणसाचं चित्र होत नाही. आई म्हणाली, मी बघितलाय ना.

आमच्या जुन्या दाराची सागाची फळी त्यानं त्यासाठी काढली. त्या दारातून तो माणूस रोज जात-येत असणार, म्हणून. दर गुरुवारी दुपारी आई खाली जाई. तिच्यासाठी, एकट्या तिच्यासाठी, शटर पूर्ण वर होई. हे मी वरून बघत असे आणि खरं सांगतो, मला ते लागत असे. ती स्टुलावर बसून सांगे, तो काढी. मग ती मान हलवी, तो पातीनं खरवडी. कपाळ झालं, गेलं. नाक झालं, गेलं. असे किती गुरुवार गेले याचा हिशेब नाही. खरवडलेला रंग बरणीत जाई आणि बरणीतला राखाडी कापडांवर. माझ्या बापाचे वीस-पंचवीस चेहरे आज मुंबईत कुणाकुणाच्या दिवाणखान्यात राखाडी होऊन टांगलेले असतील. फक्त एक डावा कान तेवढा पहिल्या महिन्यात पास झाला. त्याला पेंटरनं पुढे पातीचं टोकही लागू दिलं नाही.

मी एमआयडीसीतल्या कंपनीत स्टोअर सांभाळून रिटायर झालेला माणूस. वस्तू मागितली की फळीवरून काढून द्यायची, ही माझी उभ्या आयुष्याची सवय. एका चेहऱ्याला वर्ष लागतं हे माझ्या डोक्यात बसेना. आईला जिना चढताना दम लागत होता, डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं. त्यात मत्सर होता, तो लपवण्यात अर्थ नाही. बापाबद्दल तिनं मला आयुष्यात चार वाक्यं सांगितली असतील, आणि या परक्या माणसाला ती दर गुरुवारी दोन-दोन तास सांगत होती. वर आली की विचारावं, आज काय सांगितलंस, तर म्हणे, काय नाय, असाच. एकदा मी पेंटरला बाजूला घेऊन म्हटलं, तिला कुठे नीट आठवतंय, तुम्ही माझाच चेहरा धरा, थोडा तरणा करा, ती सुखानं जाईल. त्यानं पाती पुसली आणि म्हणाला, “मालक, घाई मावशींना न्हाई, तुमाला हाय.”

मग मी नेरूळ स्टेशनजवळच्या फोटोवाल्याकडे गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, बाप तसा बेटा, तुमचाच जुना फोटो द्या, बाकीचं कॉम्प्युटर बघेल. माझा लग्नातला फोटो दिला. तिसऱ्या दिवशी त्यानं बाप दिला. फेटा, भरघोस मिशी, मागे धुरकट आभाळ, जुन्या फोटोसारखा पिवळटपणासुद्धा. बघून माझेच डोळे भरले. साठीला आलेल्या माणसाला पहिल्यांदा बाप दिसत होता. दुकानातल्या दुकानात मी त्याला नमस्कार केला.

पितृपक्षात त्याच्या तिथीला मी सुपारी बाजूला सारून पाटावर तो ठेवला. आई स्वयंपाकघरातून आली, थांबली. फार वेळ बघत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, परीक्षेचा निकाल लागावा तसा.

“कोनी काडला?” तिनं विचारलं.

मी सांगितलं, कॉम्प्युटरनं. तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “बरा हाय.” आणि फोटोवरून बोटं फिरवून ती ओठांना लावली. मला दुसरं काही नको होतं. फोटो हॉलमध्ये तिच्या खाटेसमोर टांगला. सकाळी उठली की तिला तोच दिसे, झोपतानाही तोच.

गुरुवार चालू राहिले. पितृपक्ष होऊन दीड-दोन महिने झाले असतील, एका दुपारी पेंटर आईला हाताला धरून वर घेऊन आला. इतक्या वर्षांत तो आमच्या घरात पहिल्यांदाच आला. दार चांगलं सात फुटी, तरी सवयीनं वाकून आला. आईला खाटेवर बसवलं आणि फोटोसमोर जाऊन उभा राहिला. मग गॅलरीत माझ्याजवळ आला.

“मालक,” तो हळूच म्हणाला, “मावशी आज मला हा फोटो सांगत होत्या. फेट्यासकट.”

मला आधी त्याचा अर्थच लागेना. तो म्हणाला की गेले तीन गुरुवार त्याला शंका होती. आधी दर वेळी चेहरा वेगळा निघायचा, पण तो आतून शोधून काढलेला असायचा. आता एकच निघतो, ठरलेला, आणि अडखळत नाही. आता त्यांच्याकडं विचारण्यासारखं काही उरलं न्हाई, असं म्हणून तो जिना उतरला.

मला राग आला. माझ्या घरात मी काय टांगावं हे भाडेकरूनं शिकवायचं का, असं मी बायकोजवळ बोललोसुद्धा. पण त्या रात्री झोप लागली नाही, कारण आईला मी मुद्दाम विचारलं होतं की बाबा फेटा बांधायचे का. ती फोटोकडे बघून म्हणाली, हो, बांदायचा ना. मिठागरावर रणरणत्या उन्हात राबणारा माणूस, डोक्याला फडकं गुंडाळणारा. हे तिनंच मला कधीतरी सांगितलं होतं, त्या चार वाक्यांतलं ते एक होतं.

आई त्यानंतरही खाली जात राहिली. पेंटर तिच्यासाठी शटर वर करी, स्टूल पुसून देई, समोर बसून ऐके. हातात ब्रश नसे. तिला ते लक्षातही येत नव्हतं. माघात ती गेली. दहाव्याला मंडपात तिचा आणि बापाचा फोटो शेजारी शेजारी लावला, मोठा फ्लेक्स करून. बापाबरोबर काम केलेलं गावात कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे सगळे म्हणाले, अगदी तुझ्यासारखा दिसायचा. पेंटर आला, आईच्या फोटोला नमस्कार केला, बापाच्या फोटोपाशी क्षणभर थांबला आणि हात न जोडता गेला. हे मी मनात धरून ठेवलं. पुढे वर्षभर आमचं बोलणं कामापुरतंच होतं.

मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला. शटर गुडघ्यापर्यंतसुद्धा उचलेना, तेव्हा त्याचा भाचा येऊन त्याला गावी घेऊन गेला. राखाडी कापडं मुंबईच्या बायांनी नेली, बिल्डरचं चित्र बिल्डरच्या बायकोनं गुपचूप येऊन नेलं. जाताना पेंटरनं गोणपाटात गुंडाळलेली एक फळी माझ्या हातात दिली. म्हणाला, मावशींची आहे. मी बरं म्हटलं आणि माळ्यावर टाकून दिली. अर्धवट खरवडलेला बाप मला बघायचा नव्हता, भिंतीवर अख्खा होता. पुढे चार महिन्यांनी पेंटर गेल्याचं भाच्यानं फोनवर कळवलं. मी आणखी काही विचारलंच नाही.

यंदा पितृपक्षाच्या आधी माळा साफ करताना गोणपाट सुटलं. फळीवर राखाडी धूर आणि त्यात एक डावा कान. पाळ लांबट, खाली सुटी लोंबणारी, वरच्या कडेला बारीक खाच. इतका खरा कान मी जिवंत माणसाचाही नीट बघितलेला नाही. नकळत माझा हात माझ्या कानाकडे गेला. माझी पाळ गालाला चिकटलेली आहे.

फळी उलटी केली. मागची बाजू पेन्सिलीनं गच्च भरलेली. गुरुवारमागून गुरुवार, आईचे शब्द, ती बोलली तसेच पेंटरनं उतरवलेले. डावी भिवई मदीच तुटलेली, फावड्याचा घाव. उन्हात डोले बारीक, घरात मोटे. हसताना तोंड फिरवायचा. पाय वाजत नसत, मागं आला की मिठाचा वास यायचा. मना कदी नावानं हाक नाय मारली. कान बरोबर, कान हाच. मी तिथेच माळ्याच्या शिडीवर बसून वाचत होतो. ती मला काही सांगत नव्हती असं मी समजत होतो, आणि ती सगळं सांगून ठेवून गेली होती. सगळ्यात वर, पहिल्या गुरुवारचं, एकच वाक्य होतं.

“पोऱ्या त्याच्यावर नाय गेला. माज्या भावाचा तोंड घेऊन आला.”

हा मामा मी शाळेत जायच्या आधीच वारला. त्याचाही फोटो नाही. म्हणजे फोटोसमोर उभं राहून पेंटरला पहिल्या क्षणी कळलं होतं की यात माझ्या बापाचं काडीइतकंही काही नाही. आईलाही कळलं होतं, त्या पाटासमोर. ‘बरा हाय’ हे तिनं फोटोला म्हटलं नव्हतं, मला म्हटलं होतं. आणि मग रोज उठता-झोपता समोर तेच बघून बघून तिचा खरा नवरा तिच्या डोळ्यांतून गेला. तो मी घालवला. पेंटर हे बोलला असता तर मी फोटो उतरवला असता आणि आईला वाटलं असतं, माझं मन राखायला ती खोटं बोलली हे पोराला कळलं. म्हणून तो गप्प राहिला. दहाव्याला हात का जोडले नाहीत तेही उमगलं. मी त्याला वर्षभर कामापुरतं बोललो.

तिथीच्या दिवशी मी हॉलमधला फोटो उतरवला. पाटावर सुपारी मांडली आणि तिच्यामागे फळी टेकवली, कान समोर करून. बायको हार घेऊन आली. पाटाकडे बघितलं, खाली ठेवलेल्या फोटोकडे बघितलं आणि गोंधळली. दरवर्षीसारखा याला घालू का, असं तिनं विचारलं.

“नको,” मी म्हटलं. “तो मी आहे. मी अजून जिवंत आहे.”

ती हार फळीला घालून आत गेली. मी पाटासमोर बसून राहिलो. बापाशी मी आयुष्यात एक शब्द बोललो नव्हतो आणि आता समोर त्याचा कान होता, आईनं पास केलेला. सांगण्यासारखं माझ्याकडे एकच होतं, की माझं चुकलं. पण ते ऐकायला हवी होती ती दोन्ही माणसं, आई आणि पेंटर, तिथं नव्हती. ते मी त्या कानालाच सांगितलं.